ग्रीष्मांतील गळ

ज्यांच्या स्वयंपाकघरांत मासळीचा वासहि कधीं शिरला नाहीं, अशा घरांतील वाचकांना या लेखाचा मथळा पाहून थोडें नवल वाटेल. ज्यानें सारी हयात शब्दरूपें आणि समास शिकविण्यांत घालविली, त्या निवृत्त शिक्षकानें उतारवयांत मासे धरावयास आरंभ केला कीं काय, असेंहि कोणी विचारील. तेव्हां प्रारंभींच सांगून टाकतों कीं, गळ मीं हातीं धरिला नाहीं. मी होडींत नुसता बसून होतों. पण चौदा वर्षांच्या नातवाच्या संगतीनें तेथें जें पाहिलें व ऐकिलें, त्यांतील कांहीं भाग मुलांना शिकविणाऱ्या प्रत्येकानें ऐकण्याजोगा आहे असें वाटल्यावरून हा लेख लिहिण्याचें धाडस करीत आहें.

आमचे चिरंजीव नोकरीच्या निमित्तानें अमेरिकेंतील अलाबामा राज्यांत हंट्सव्हिल या शहरीं राहतात. गेल्या वर्षीं जून व जुलै हे दोन महिने मी त्यांच्याकडे होतों. आपल्याकडे त्या दिवसांत मृगाआर्द्रांच्या सरी पडत असतात. तेथें तो ऐन ग्रीष्म. घरांत पाऊल टाकल्यापासून सूनबाईंची एकच तक्रार कानांवर येत होती. मुलाचें अभ्यासांत चित्त नाहीं, शाळेंतून तशीं पत्रें येतात, आणि शनिवार उजाडला कीं स्वारी गळ घेऊन तलावावर जावयास सिद्ध! ‘बाबा, तुम्हीच त्याला चार शब्द सांगा,’ असें चिरंजीवांनींहि सुचविलें. मीं मनांत उपदेशाची जुळवाजुळव केलीहि होती. अहिंसा, कालाचा अपव्यय, विद्यार्थ्याचीं लक्षणें, सगळें जिभेच्या टोंकावर होतें. परंतु मी तोंड उघडण्यापूर्वींच नातवानें मला वेगळीच गळ घातली: ‘आजोबा, एकदां माझ्याबरोबर या. मग काय बोलायचं तें बोला.’ मागणें न्यायाचें होतें. प्रतिपक्षाचें म्हणणें ऐकल्यावांचून निर्णय देऊं नये, हें मींच आयुष्यभर शिकवीत आलों होतों.

मासा कोणता?

त्याच्या ध्यासाचा विषय असलेल्या माशाचें नांव बास. त्यांतहि ‘लार्जमाउथ’, म्हणजे मोठ्या तोंडाचा. तोंड मिटलें असतांहि वरच्या जबड्याचें टोंक डोळ्याच्या मागें जातें, ही त्याची खूण. अंग हिरवट, आणि कुशीवरून शेंपटीपर्यंत काळसर पट्टा. नांव बास असलें तरी खऱ्या बास माशांच्या कुळांतला तो नव्हे. प्राणिशास्त्रज्ञ त्याला ‘सनफिश’ नांवाच्या उत्तर अमेरिकी कुळांत घालतात. त्याच्या शास्त्रीय नांवाची कथा व्युत्पत्तीची आवड असणारांस रुचेल. १८०२ सालीं लासेपेद या फ्रेंच पंडितानें या गणाला ‘मायक्रॉप्टेरस’, म्हणजे लहान पराचा, असें नांव दिलें. वस्तुतः या माशाचा पर लहान नसतो. पंडितजींच्या हातीं आलेल्या नमुन्याचा पाठीवरील पर तुटका होता! एका जायबंदी माशावरून साऱ्या गणाला नांव पडलें, आणि नियमाप्रमाणें तें आजतागायत चालत आलें आहे.

हा मासा दूरवर पाठलाग करणारा नव्हे, दबा धरून बसणारा आहे. गवताची कड, बुडालेल्या झाडाचें खोड, धक्क्याखालची सावली, अशा आडोशाला तो निश्चल राहतो आणि लहान मासळी टप्प्यांत आली कीं तोंड वासून पाण्यासकट तिला आंत ओढतो. वसंतांत नर शेंपटीनें तळाशीं उथळ खळगा करतो, मादी त्यांत अंडीं घालते, आणि पुढें अंड्यांची व पिलांची राखण नर करतो. डॉ. जेम्स हेन्शल या अमेरिकन वैद्यानें १८८१ सालीं या माशावर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. तेव्हांपासून गळाच्या शौकिनांत याची प्रतिष्ठा वाढत गेली.

उन्हाळ्यांतील पाणी

वसंतांत अंडीं घालण्याच्या सुमारास मासे कांठाशीं येतात व सहज सांपडतात. उन्हाळा लागला कीं तेच मासे दिसेनासे होतात आणि नवखा मनुष्य म्हणतो, ‘उष्म्यानें मासे खाईनासे झाले.’ नातवाच्या मतें सर्वांत मोठी चूक हीच. मासा शीतरक्ताचा प्राणी. आपल्या अंगाची उष्णता जशी ठरीव असते तशी त्याची नसते. पाण्याबरोबर त्याचें शरीर तापतें व निवतें. पाणी तापलें कीं त्याचें पचन जलद होतें आणि भूक वाढते. म्हणजे ग्रीष्मांतला बास उपाशी बसलेला नसतो. तो खातो, पण थोडा वेळ खातो, आणि सोयीच्या जागीं खातो.

ही सोय कशावर अवलंबून, तर मुख्यतः प्राणवायूवर. थंड पाण्यांत प्राणवायु अधिक मावतो, ऊन पाण्यांत कमी. एक लिटर पाण्यांत १० अंश सेल्सिअसला तो सुमारें ११ मिलिग्रॅम राहूं शकतो, तर ३० अंशांस सुमारें साडेसातच. भूक वाढावी आणि श्वास मात्र आंखडावा, असा हा ऋतूचा पेंच आहे.

‘मग मासा थंड तळाशीं कां जात नाहीं?’ असें मीं विचारलें. उत्तर तत्काळ आलें. खोल व संथ तलावांत उन्हाळ्यांत पाण्याचे थर पडतात. ऊन पाणी हलकें, तें वर तरंगतें. थंड पाणी जड, तें खालीं बसतें. आणि दोहोंच्या मध्यें जेथें उष्णता एकाएकीं उतरते असा एक पातळ थर असतो. वारा वरच्या थराला घुसळतो, परंतु त्याची हालचाल या मधल्या थराखालीं पोंचत नाहीं. तळाशीं पालापाचोळा कुजतो, तो असलेला प्राणवायु संपवितो, आणि नवा वरून येत नाहीं. अशा तलावाच्या तळाशीं गळ सोडणें म्हणजे ओसाड घराची कडी वाजविणें. मासा सांपडेल तो मधल्या थराच्या वर, किंवा फार तर त्याच्या लगत. ज्या मुलाचें अभ्यासांत लक्ष नाहीं, त्याच्या तोंडून हें विवेचन मी ऐकत होतों.

प्रहराप्रहराचा गळ

आम्ही गेलों तो गंटर्सव्हिलचा तलाव म्हणजे टेनेसी नदीवर बांधलेल्या धरणाचें पाणी. हें धरण १९३९ सालीं पुरें झालें. नदी अजून आंतून वाहती असल्यानें येथें वर सांगितलेले थर तितकेसे घट्ट बसत नाहींत. येथील माशाचें दिनमान प्रवाहावर व सावलीवर चालतें. होडींत आम्ही तिघे होतों. चिरंजीव यंत्रापाशीं, नातू पुढच्या टोंकाला, आणि मी मध्यें, डोक्याला उपरणें गुंडाळून.

पहाटेचा प्रहर पाण्याच्या पृष्ठभागाचा. रात्रभर पाणी थोडें निवलेलें असतें, उजेड मंद असतो, आणि लहान मासळी कांठाच्या गवताशीं वर आलेली असते. त्या तलावांत हायड्रिला नांवाची पाणवनस्पति माजली आहे. आपल्याकडील तळ्यांतहि ती आढळते. तिच्या दाट थरावर नातू एक पोकळ, मऊ बेडूक फेंकीत असे. बेडकाचे दोन्ही आंकडे पाठीला चिकटून वरच्या बाजूस वळलेले असतात, म्हणून तो गवतांत अडकत नाहीं. दोन उड्या, मग क्षणभर विसांवा, पुन्हां एक उडी, अशी त्याची चाल. एकाएकीं गवत फाटून पाणी उसळे आणि बेडूक नाहींसा होई. त्याच क्षणीं काठीला हिसका देण्याचा मोह आवरावा लागतो. माशानें बेडूक नीट तोंडांत घेऊन खालीं वळेपर्यंत थांबावें आणि मगच जोरानें ओढावें. पहिले दोन मासे केवळ या घाईनें सुटले. तिसऱ्या वेळीं तो मनाशीं ‘एक, दोन’ मोजतांना मला ऐकूं आला, आणि मासा आला.

ऊन चढलें कीं दुसरा प्रहर सावलीचा. माशाच्या डोळ्यांना पापण्या नसतात. शिवाय अंधारांतून उजेडाकडे पाहणाऱ्या शिकाऱ्याचा फायदा मोठा. म्हणून लाकडी धक्क्यांच्या खालीं, पुलाच्या खांबांशीं व दाट गवताच्या पोटांत मासे सरकतात. येथें उपयोगाचा तो मऊ प्लॅस्टिकचा किडा. ओहायो राज्यांतील अ‍ॅक्रन येथें निक क्रीम नांवाच्या गृहस्थानें १९४९ च्या सुमारास असे किडे बाजारांत आणले. दोऱ्यांत आधीं बंदुकीच्या गोळीसारखें निमुळतें वजन ओंवायचें, मग गळ बांधायचा, आणि गळाचें टोंक किड्याच्याच अंगांत लपवायचें, म्हणजे तें काटक्यांत रुतत नाहीं. या जुळणीला टेक्सासचें नांव आहे. किडा सावलीच्या मध्यावर सोडून देतात व आपोआप बुडूं देतात. बहुधा मासा तो बुडतांनाच घेतो; हाताला धक्का जाणवत नाहीं, दोरा मात्र किंचित् एका बाजूस सरकतो. दोऱ्यावरची नजर ढळली कीं मासा गेला.

तिसरा प्रहर खोल पाण्याचा, आणि खरी विद्या येथेंच. धरण होण्यापूर्वीं नदीला जे कांठ होते ते आतां पाण्याखालीं आहेत. जुन्या कांठाची सपाट जमीन जेथें संपते व जुन्या पात्राचा उतार सुरू होतो, त्या कड्यावर, पंधरा ते पंचवीस फूट खोलीवर, उन्हाळ्यांत बासांचे थवे राहतात. खोल पाणी हेंच माशाचें घर व उथळांत तो पाहुणा, हा सिद्धांत बक पेरी नांवाच्या नॉर्थ कॅरोलिनांतील एका गृहस्थानें प्रसृत केला. ते पूर्वीं भौतिकशास्त्राचे शिक्षक होते, हें कळल्यावर मला व्यवसायबंधूचा अभिमान वाटल्यावांचून राहिला नाहीं. पुढें १९५७ सालीं लोरन्स नांवाच्या कुटुंबानें ध्वनिलहरींनीं तळ व मासे दाखविणारें यंत्र शौकिनांसाठीं काढलें, आणि न दिसणारा कडा पडद्यावर दिसूं लागला.

पण कडा दिसला म्हणजे मासा खातोच असें नाहीं. आम्ही दोन तास तेथें होतों, पडद्यावर माशांचे ठिपके स्पष्ट दिसत होते, आणि एकहि आमिष कोणी शिवेना. नातू शांतपणें म्हणाला, ‘आतां पाणी सुटलं कीं बघा.’ उन्हाळ्याच्या दुपारीं घरोघर थंड हवेचीं यंत्रें चालूं होतात, विजेची मागणी वाढते, धरणावरील जनित्रें फिरूं लागतात, आणि तलावाच्या पोटांतील नदी वाहूं लागते. प्रवाहाबरोबर शाड नांवाची लहान मासळी कड्यावरून वाहत येते, आणि इतका वेळ पांगलेले बास प्रवाहाकडे तोंड करून ओळीनें उभे राहतात. पाणी केव्हां सुटणार याचें वेळापत्रक धरणाचें खातें प्रसिद्ध करतें. पोरानें तें टिपून ठेविलें होतें. शहरांतील गृहिणीनें खोली गार करण्याचें बटण दाबावें आणि पन्नास मैलांवर माशाला भूक लागावी, हा कार्यकारणभाव कोणत्या पाठ्यपुस्तकांत आहे?

प्रवाह सुरू झाल्यावर त्यानें मोठ्या जिभेचें, खोल बुडणारें खोटें मासळें लावलें. ही पुढची जीभ जितकी लांब, तितकें तें ओढल्यावर खोल जातें. त्यानें तळाला घासत, दगडांना ठेंचकाळत यावें लागतें. अधांतरीं पोहत आलें तर मासा ढुंकून पाहत नाहीं. तें नको असेल तर जड शिसें पुढें व हात-दीड हात दोरा सोडून मागें तरंगता किडा, अशी कॅरोलिनाची जुळणी तळावरून सावकाश ओढावी. मासे फारच चिकित्सक झाले तर शिसें खालीं व लहान आमिष त्याच्या वर टांगून एकाच जागीं हलकेंच थरथरत ठेवावें.

चौथा प्रकार रात्रीचा. अति उष्म्यांत पुष्कळ जाणते लोक दिवसां घरीं झोंपतात व रात्रीं निघतात. त्या वेळीं आमिष काळें असावें, कारण खालून पाहणाऱ्या माशाला आकाशाच्या फिक्या उजेडावर काळी आकृतिच ठळक दिसते. रात्रीं मात्र मी गेलों नाहीं. सूनबाईंनीं परवानगी दिली नाहीं!

गळाला लागल्यावर

दुपारीं प्रवाहांत जो पहिला मासा लागला तो मोठा होता. पंचवीस फुटांवरून तो वर आला तेव्हां पोट फुगलें होतें. खोल पाण्यांतून झटकन् वर ओढल्यास दाब कमी होऊन माशाच्या पोटांतील वाताशय फुगतो. नातवानें हात ओले केले, आंकडा काढला, एका हातानें जबडा व दुसऱ्यानें पोट सांवरून त्याला पाण्यांत सोडलें. मासा कुशीवर पडून तरंगूं लागला. पोराचा चेहरा उतरला. त्यानें वांकून पुन्हां माशाला धरलें, उभें केलें, प्रवाहाकडे त्याचें तोंड ठेविलें. पांच मिनिटें गेलीं, दहा गेलीं. कोणी बोलत नव्हतें. शेवटीं शेंपटी हलली आणि मासा तिरपा तिरपा खालीं गेला.

‘आजोबा, तो जगेल ना?’

चाळीस वर्षें मुलांच्या प्रश्नांना उत्तरें दिलेल्या मला या प्रश्नाचें उत्तर देतां आलें नाहीं. ऊन पाण्यांत दमलेला मासा सुटून गेल्यावरहि कांहीं तासांनीं मरूं शकतो, हें मला त्यानेंच सकाळीं सांगितलें होतें. ‘ठाऊक नाहीं, बाळ,’ एवढेंच मी म्हणालों. त्यानें काठी गुंडाळली आणि वडिलांना म्हणाला, ‘आज खोल पाण्यांत पुरे.’

माझ्या उपदेशाची जी पोतडी होती, तिच्यांत याहून अधिक कांहीं नव्हतें. पुढील प्रत्येक खेपेस मीं त्याचे नियम पाहिले. दोरा भक्कम घ्यावयाचा, म्हणजे माशाला दमविण्यांत वेळ जात नाहीं. बारीक दोऱ्यावर खेळविण्याची शेखी उन्हाळ्यांत क्रूर ठरते. मासा पाण्याबाहेर क्षणभरच. छायाचित्राचा हट्ट नाहीं. पाणी फार तापलें असेल तर पहाटेचे दोन तास व मग घर.

पकडलेला मासा जिवंत सोडण्याची चाल तेथें नवीनच म्हणावयाची. १९३२ च्या २ जूनला जॉर्जिया राज्यांत जॉर्ज पेरी या तरुणानें २२ पौंड ४ औंसांचा बास धरला, तो दारिद्र्याच्या त्या दिवसांत घरीं शिजवून खाल्ला गेला, आणि विक्रम मात्र कायम राहिला. पुढें २००९ च्या २ जुलैला जपानांतील बिवा सरोवरांत मानाबू कुरिता यानें त्याहून औंसभरच कमी-अधिक फरकाचा मासा धरून त्या विक्रमाची बरोबरी केली. दोन्ही मासे उन्हाळ्यांतले, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. दरम्यान १९७२ पासून रे स्कॉट यानें आपल्या स्पर्धांतून मासे जिवंत सोडण्याची मोहीम सुरू केली व ती रूढ झाली.

तथापि सोडणें म्हणजेच दया, असेंहि सरसकट म्हणतां येत नाहीं. याच अलाबामांत ऑबर्न येथें स्विंगल या शास्त्रज्ञानें शेततळ्यांवर दीर्घकाल प्रयोग केले. लहान तळ्यांत बासांची दाटी झाली तर सारेच खुरटतात, म्हणून कांहीं काढावे लागतात. आणि जपानांत हा मासा परका आहे. १९२५ सालीं तो तेथें नेला गेला, देशी मासळीचा त्यानें संहार मांडला, आणि २००३ पासून बिवा सरोवरांत धरलेला बास परत सोडण्यासच बंदी आहे. जागा पाहिल्यावांचून धर्माधर्म ठरत नाहीं.

माझा स्वतःचा निर्णय विचाराल, तर केवळ करमणुकीसाठीं जिवाच्या ओठांत आंकडा रुतविणें मला अजूनहि रुचत नाहीं, आणि तें मीं नातवाला स्पष्ट सांगितलें. त्यानेंहि तें ऐकून घेतलें. पण ‘तुझें लक्ष नसतें’ हें वाक्य माझ्या तोंडून निघालें नाहीं. दोऱ्याची केसभर हालचाल टिपणाऱ्या मुलाजवळ लक्ष नाहीं असें कोण म्हणेल?

हें मला उशिरां कळलें, याचें दुःख आहे. कृष्णाकांठच्या एका गांवीं मी तरुणपणीं शिकवीत असतां माझ्या वर्गांत भोयांचा एक मुलगा होता. उन्हाळा लागला कीं तो शाळा चुकवून डोहावर जाई. मीं त्याला छडीनें मारलें, एकदां नव्हे, अनेकदां. नदीचा प्रत्येक डोह, प्रत्येक कपार, कोणत्या वाऱ्याला कोणता मासा कोठें येतो, हें सारें त्याला मुखोद्गत असलें पाहिजे. मीं त्याला एकहि प्रश्न विचारला नाहीं. सहावीनंतर तो शाळेंत आला नाहीं.

त्या दुपारीं प्रवाहाची वाट पाहत बसलों असतां मीं नातवाला कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराची गोष्ट सांगितली होती. इ. स. ११२९ च्या सुमारास त्यानें रचलेल्या मानसोल्लास या संस्कृत ग्रंथांत मत्स्यविनोद नांवाचें एक प्रकरण आहे. माशांच्या जाती, त्यांचें खाद्य आणि गळाचीं साधनें यांचें त्यांत वर्णन आहे. ‘राजानं हें लिहून ठेवलं?’ असें म्हणून तो माझ्याकडे प्रथमच वळून बसला होता. परत आल्यावर बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंतील ती प्रत मीं वाचनालयांतून मिळविली आहे. दर आठवड्यास थोड्या श्लोकांचा अर्थ मी त्याला लिहून पाठवितों, आणि राजानें वर्णिलेला तो मासा कोणता असावा याबद्दल त्याचें लांबलचक पत्र येतें. मागच्या पत्रांत त्यानें माझी एक चूक दाखविली. श्लोक पुन्हां लावून पाहिला. चूक माझीच होती.